शबनूरची उडी आणि मौलालीची गादी

शबनूर नदाफ आठ वर्षांची असताना आमच्या गल्लीत हातांवर चालायची. पाय वर, डोकं खाली, फ्रॉकच्या आत थोरल्या भावाची जुनी पँट. वडिलांच्या, मौलालीभाईंच्या, गादी कारखान्याच्या दारातून ती अशी निघायची आणि वाटेत गिऱ्हाईक उभं असलं तर त्याला वळसा घालून पुढं जायची. पिंजायच्या मशीनमागून मौलालीभाई ओरडायचे, "शबनूर, पावण्यांच्या तोंडापुढं पाय नाचवू नगंस!" पावणे हसायचे. पाय मात्र वरच राहायचे.

मी समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहते. माझ्या लग्नातली गादी मौलालीभाईंच्या वडिलांनी भरली होती आणि यजमान गेल्यावर तीच उसवून मौलालीभाईंनी माझ्यासाठी एका माणसापुरती लहान करून दिली. त्यामुळे त्या घराशी माझं येणंजाणं जुनं. ते लोक घरात दखनी बोलतात, गल्लीशी कोल्हापुरी बोलतात आणि माझ्याशी बोलताना दोन्हीची भेळ करतात.

कोल्हापुरात पोरगा अंगानं बरा निघाला की त्याला तालमीत घालतात. पोरीला कुठं घालायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. ते संयोगिता इंगवले यांनी ठरवलं. शबनूरच्या शाळेत त्या पी.टी.च्या मॅडम होत्या. स्वतः खो-खो खेळलेल्या, पण उन्हाळी शिबिरात जिम्नॅस्टिक्स शिकून आल्या होत्या आणि शाळेच्या अडगळीतून त्यांनी उड्या मारायचं एक जुनं लाकडी टेबल बाहेर काढलं होतं. पळत यायचं, फळीवर पाय आपटायचे, टेबलावर हात टेकून हवेत उलटं व्हायचं आणि पलीकडे पायांवर उतरायचं. या उडीला व्हॉल्ट म्हणतात. शबनूरनं ती एकदा पाहिली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत घंटा व्हायच्या आधी जाऊन बसली.

शाळेतल्या सतरंज्या फाटून त्यांचा भुगा झाला होता. मॅडम एकदा कारखान्यात आल्या आणि मौलालीभाईंना म्हणाल्या, "खाली अंथरायला चांगलं जाड काहीतरी करून द्या. नाहीतर पोरीचे घोटे जातील."

मौलालीभाईंनी त्यातलं 'जाड' तेवढं ऐकलं. उत्तम कापूस आणला, दोनदा पिंजला आणि चार लग्नांच्या गाद्या एकत्र शिवाव्यात अशी एक पट्ट्यापट्ट्यांची प्रचंड गादी तयार केली. ती कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पसरली आणि मॅडमनी शाळेतली फळी आणि टेबलही तिथं आणून दिलं. मला मुद्दाम बोलावून दाखवली.

"हात घाला वैनी, हात घालून बघा. कोपरापर्यंत गेला का न्हाय?"

गेला. मी कौतुक केलं. कौतुक करण्यासारखीच होती ती गादी.

शेड लहान होती, पळायला जागा नव्हती. म्हणून शबनूर गल्लीतून सुटायची. माझ्या इमारतीच्या पायरीपासून धावत निघायचं, कारखान्याच्या पुढच्या दारातून आत, कापसाच्या ढिगांमधून सरळ मागच्या दारानं शेडमध्ये, फळी, टेबल, उडी. रोज सकाळी कुणीतरी ओरडायचं, "शबनूर सुटली!" की दूधवाला गाडीचा पाय टेकून थांबायचा, शाळेच्या रिक्षा थांबायच्या, मौलालीभाई गिऱ्हाइकाला हाताला धरून बाजूला घ्यायचे. चार-पाच वर्षं आमच्या गल्लीची सकाळ अशीच झाली.

चौदाव्या वर्षी ती राज्यस्पर्धेला पुण्याला गेली. जाताना तिच्या अम्मीनं, मदिनानं, तिला घोट्यापर्यंतचा पोशाख शिवून दिला. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली होती. मदिनानं सगळ्यांना एकच सांगितलं, "तिचे पाय झाकायचं काम माझं. ते जमिनीवर हायत का आभाळात, ते तुम्ही बघू नका." मॅडमनी नियम बघून आणले होते, तसा पोशाख चालत होता.

पुण्यात ती शेवटून दुसरी आली.

दोन उड्या असतात. पहिल्या उडीत ती हवेत अशी फिरली की पंचांनी माना वर केल्या. खाली आली ती मात्र उसळून तीन पावलं पुढं गेली. दुसऱ्या उडीत सरळ बसलीच. जिम्नॅस्टिक्समध्ये हवेतलं सगळं केलं आणि खाली उभं राहता आलं नाही, तर केलेलं वाहून जातं. परतीच्या एसटीत कराड मागं पडेपर्यंत शबनूर पायानं एसटीचा तळ दाबून बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, तिथं पायाखालची गादी काय खाली जाईना."

तेवढ्यावरून मॅडमना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कारखान्यात आल्या तेव्हा मी उशी भरून घ्यायला गेले होते. बाकड्यावर आमच्या गल्लीच्या तालमीचे गणपतराव वस्ताद चहा पीत बसले होते. मॅडमनी शेडमध्ये जाऊन गादी पायानं दाबली आणि बाहेर येऊन सांगितलं. स्पर्धेतली मॅट कडक असते. पाय टेकला की ती शरीराला परत वर ढकलते, ते गुडघ्यांत जिरवावं लागतं. शबनूरला ती सवयच नव्हती. इतकी वर्षं ती कापसात उतरत होती. कापूस तिला पोटात घेत होता. तिला वाटत होतं, आपणच उभं राहतोय.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी रोज इथं यायला हवं होतं."

मौलालीभाई जागचे उठले. मशीन बंद केलं आणि हात पुसत राहिले. वस्ताद कप खाली ठेवून म्हणाले, "आमचंबी हेच दुखणं हाय. मातीत वाघ असल्यालं पोरगं मॅटवर गेलं की मांजर हुतंय. तू तर पोरीला दुलईत वाढिवलीस, मौलाली."

"व्हय की," मौलालीभाई म्हणाले. "माझ्या गादीनं पाडली तिला."

मॅडमनी मार्ग काढून आणला होता. पुण्यात एक मोठी अकादमी होती, तिथं सगळं साहित्य होतं, मुलींचं वसतिगृह होतं. त्यांनी स्पर्धेच्या वेळीच बोलणं करून ठेवलं होतं. मौलालीभाई लगेच हो म्हणाले. मला वाटतं, त्यांनी त्या वेळी पोरीला चंद्रावर पाठवायलाही होकार दिला असता.

शबनूर मागच्या दारात उभी होती. "मी जाणार न्हाय," ती म्हणाली.

"का गं?" मॅडमनी विचारलं.

"उडी चुकली न्हाय, गादी चुकली. गादी बदलूया. गाव कशाला बदलायचं?"

"अगं, तिथं शिकवणारे आहेत, डॉक्टर आहेत."

"मग इथल्या पोरींनी काय करायचं? उडी मारायची तर पुण्याला जायचं, आणि पुण्याला जायला नसलं की भाकरी थापायच्या?" ती चौदा वर्षांची होती, पण ती थांबली नाही. "एक वर्ष द्या मला. पुढच्या राज्यस्पर्धेत पहिली आले न्हाय, तर तुम्ही म्हणाल त्या वसतिगृहात जाते. गप जाते."

"पहिली?" वस्ताद म्हणाले. "आधी शेवटून तिसरी तरी ये की."

"तुम्ही तालमीत पोरगं घेताना शेवटून तिसरा हो म्हणून सांगता व्हय, वस्ताद?"

वस्तादांनी तिच्याकडे पाहिलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला. वर्ष ठरलं.

आता मौलालीभाईंना कडक गादी करायची होती आणि ते त्यांना जमेना. हे हसण्यासारखं वाटेल, पण मी समोरून रोज पाहत होते. कापूस काढून त्यांनी काथ्या भरला. शबनूरनं उडी मारली, तर पाय परत रुतले. तिनं कोपऱ्यातले टाके उसवले. काथ्याच्या वर मौलालीभाईंनी कापसाचा एक थर गुपचूप दिला होता.

"अब्बा, हे काय?"

"वरनं जरासाच हाय. अंगाला टोचंल म्हणून."

"मला झोपायचं न्हाय त्याच्यावर!"

दुसऱ्या खेपेलाही तेच. कापूस पातळ होता, पण होता. तिसऱ्या वेळी ती कात्री घेऊन शेजारीच बसली. मौलालीभाई वैतागले. "चार पिढ्या नदाफाच्या घरात मऊ भरत आल्या. आता नदाफाच्या हातनं दगड भरून घेतीस व्हय गं?" तरी भरला. उद्यमनगरातल्या एका कारखान्यातून रबराचे जाड तुकडे आणले, ते खाली अंथरले, वर काथ्या दाबून दाबून घातला, ताडपत्रीसारखी जाड खोळ ताणली आणि दाभणानं इतके जवळजवळ टाके घातले की त्यांचा तळवा फाटला. शेवटी चपला काढून स्वतः त्यावर उभे राहिले आणि खाली वाकून बघत राहिले, पाय बुडतोय का. बुडत नव्हता. त्यांचा चेहरा असा होता की जणू कुणाचं तरी नुकसान करून आलेत.

त्यानंतर शबनूर पडायला लागली. रोजनिशीत मी त्या पावसाळ्यात 'शबनूर पडली' असं इतक्यांदा लिहिलंय की शेवटी ते लिहायचं सोडून दिलं. गुडघे, कोपरं, हनुवटी. मदिना बर्फ लावता लावता नवऱ्यावर ओरडायची, "अल्ला! बेटी को पत्थर पे कुदाते क्या तुम? हात कैसे उठे वो भरने को?" मौलालीभाई कापूस पिंजत राहायचे.

मग मॅडमनी मोठी उडीच बंद केली. दोन महिने शबनूरनं फक्त टेबलावर चढून खाली उडी मारली. उडी मारायची, गुडघे वाकवायचे, हात पुढं, छाती वर, आणि उभं राहायचं. मी कॉन्व्हेंट शाळेत शिकत असताना सिस्टर आमच्याकडून ड्रिल करून घेत, तेव्हा नुसतं उभं राहणं किती अवघड असतं ते मला थोडं कळलं होतं. गल्लीला हे माहीत नव्हतं. कारखान्यातून धावत जाणारी पोरगी बंद झाली आणि टेबलावरून उतरणारी पोरगी सुरू झाली, तेव्हा कट्ट्यावरच्या पोरांना चेव आला.

"शबनूर, टेबल झालं की जिना उतरायला शिकिवत्यात काय गं?"

"शिकिवत्यात की. ये, तुला आधी ढकलते."

तिनं पोरांना उत्तर दिलं आणि परत टेबलावर चढली. दिवाळीनंतर एका सकाळी "शबनूर सुटली!" अशी हाक आली तेव्हा मी गॅस बंद करून खिडकीत गेले. धाव, फळी, आणि शेडमधून एकच आवाज आला, दोन्ही पाय एकदम टेकल्याचा. त्याच्यामागून दुसरं पाऊल वाजलं नाही. दूधवाल्यानं माझ्याकडे वर बघून मान हलवली.

त्या वर्षीची राज्यस्पर्धा सांगलीला होती, म्हणून आम्हीही गेलो. मौलालीभाई, मदिना, मी आणि वस्ताद. वस्ताद 'सांगलीत काम हाय' म्हणून आले आणि दिवसभर आमच्याच बाकावर बसले. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी मौलालीभाई सरळ मैदानात उतरले, गुडघ्यावर बसले आणि मॅटवर तळवा दाबून बघायला लागले.

"ओ चाचा! बाहेर, बाहेर व्हा!" एक पंच धावत आला.

मौलालीभाई शांतपणे परत आले. "आपल्यासारखीच हाय," ते बसता बसता म्हणाले. "आपली जरा जास्तच कडक झालीया."

पहिल्या उडीत शबनूरचं एक पाऊल सरकलं. एकच, पण सरकलं. मुंबईची एक मुलगी तिच्या पुढं होती. दुसऱ्या उडीला शबनूर धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली तेव्हा मदिनानं माझा हात धरला आणि डोळे मिटून घेतले. ती हरली तर जूनमध्ये पुण्याला जाणार होती, हे चौघांनाही माहीत होतं आणि ती शब्द फिरवणारी नव्हती, हेही.

ती धावली. हवेत फिरली तेव्हा मला नेहमीसारखं नीट काही दिसलंच नाही. ते फार लवकर होतं. खाली आली. गुडघे वाकले, हात पुढं आले. क्षणभर तिचं सगळं अंग पुढं जायला निघालं आणि तिनं ते जागच्या जागी धरलं.

"उभी हाय का?" मदिनानं डोळे न उघडता विचारलं.

"उभी आहे," मी म्हणाले.

"सच?"

"डोळं उघड की, बघ!" वस्ताद ओरडले. "खांबागत उभी हाय!"

व्हॉल्टमध्ये ती राज्यात पहिली आली. पुण्याचा विषय मॅडमनीच बंद केला.

कोल्हापुरात पैलवान जिंकून आला की हलगी वाजते. शबनूर एसटीतून उतरली तेव्हाही हलगी वाजली आणि फेटा वस्तादांनी स्वतः बांधला. तिचं डोकं लहान, फेटा मोठा. तो सारखा डोळ्यांवर यायचा आणि ती वर करायची. पुढची सात वर्षं ती खेळली. राज्यात आणखी तीनदा पहिली आली, राष्ट्रीय स्पर्धेत एकदा तिसरी. सगळा सराव त्याच शेडमध्ये. मग उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. शस्त्रक्रिया झाली, ती परत उभी राहिली, एक स्पर्धा खेळली आणि मग स्वतःच थांबली. थांबताना रडली की नाही ते मला माहीत नाही. मला येऊन एवढंच म्हणाली, "आज्जी, आता दुसऱ्यांचे गुडघे बघायचे."

तोवर गल्ली बदलली होती. पोरी ओढण्या कमरेला बांधून ओट्यावर चाकासारख्या फिरायच्या. आया आधी रागवायच्या, मग हात सरळ ठेव म्हणून सांगायला लागल्या. गल्लीत एखादं मूल पडलं तर आजूबाजूच्या ओट्यांवरून 'अरेरे' येत नाही, "गुडघे वाकव की!" येतं. गणपतीत आमच्या मंडळापुढं आता पोरींचे मनोरे असतात. मौलालीभाईंच्या पाटीवर लग्नाच्या गाद्यांखाली नवी ओळ आली आहे, 'शाळांसाठी कडक मॅट मिळतील'. गडहिंग्लज आणि राधानगरीच्या शाळांनी नेल्या आहेत. अजूनही मॅट शिवताना ते वरून थोडा कापूस द्यायला बघतात आणि अजूनही शबनूर टाके तपासते.

पतियाळाहून ती प्रशिक्षकाचा कोर्स करून आली तेव्हा पुण्याच्या त्याच अकादमीनं तिला बोलावलं. नोकरी, राहायला खोली, सगळं. ती गेली नाही. पण शेडमध्ये एका वेळी चारच पोरी मावत होत्या आणि दारात वीस उभ्या असायच्या. पावसाळ्यात पत्र्यातून पाणी गळायचं. आमच्या तालमीवर नवीन मजला चढला होता. मोठा हॉल, गणपतीचे दहा दिवस तालीम मंडळाचं सामान, एरवी कुलूप. एका सकाळी शबनूर तालमीच्या दारात जाऊन उभी राहिली. ती नुसती उभी राहिली तरी रस्त्यावरची माणसं थांबली, कारण त्या दारातून बाईमाणूस आत जात नाही. मी भाजी घेऊन परतत होते, मीही थांबले.

वस्ताद बाहेर आले. आता ते बरेच थकले आहेत, पण आवाज तोच.

"काय गं?"

"वरचा हॉल पाहिजे."

"कशाला?"

"पोरींना."

"आजवर ह्या जिन्यावर बाई चढल्याली न्हाय."

"जिना नवाच हाय की, वस्ताद. कुणी चढलंच न्हाय अजून."

बघणारे हसले. वस्ताद हसले नाहीत. "खाली पोरं लंगोटावर असत्यात. पोरींच्या आया काय म्हणतील?"

"जिना बाहेरनं हाय. आया माझ्याकडं लागल्या. पोरं तुमच्याकडं लागली. तुमचं एक पोरगं जिन्याखाली वर बघत उभं राहिलं, तर मी वर बोलवून टेबलावरनं उडी मारायला लावीन."

"मंडळाला विचारतो."

"विचारा. मी उद्या येते."

ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. मंडळात भांडणं झाली. एक म्हातारे सभासद रागावून उठून गेले. शेवटी निरोप आला, दुपारी तीन ते पाच. शबनूरनं तोही परत पाठवला. दुपारी पोरी शाळेत असतात, सकाळ पाहिजे. वस्ताद खवळले, "घर दिलं तर आता चुलीपाशीच बसतीया!" त्यानंतर आठवडाभर बोलणं बंद होतं. शबनूर रोज तालमीवरून जाताना वस्तादांना सलाम करायची आणि काही न बोलता पुढं जायची. नवव्या दिवशी वस्तादांनी हॉलची किल्ली मौलालीभाईंच्या गल्ल्यावर आणून टाकली. पैलवान पहाटे चारला सुरू करतात आणि सहाला आटोपतात. सहापासून आठपर्यंत पोरी.

तिथं आता साठेक पोरी येतात. नदाफांच्या आहेत, शेतकऱ्यांच्या आहेत, मामाकडे राहून शिकणाऱ्या चंदगडच्याही आहेत. त्यांतली एक, वर्षाराणी, येत्या महिन्यात राज्यस्पर्धेला जाणार आहे, आणि तीही पुण्याला न जाता इथं शिकलेली. अकादमीवाले आता शबनूरला विचारत नाहीत, तिच्या पोरींना विचारतात. गेल्या महिन्यात त्यांनी वर्षाराणीच्या वडिलांना फोन केला होता. वडील विचारात आहेत. स्पर्धेत काय होतं ते बघून ठरवू, असं ते शबनूरला सांगून गेले.

मागच्या रविवारी मी कठडा धरत धरत तो जिना चढले. वर जाऊन खुर्चीत बसले तेव्हा वर्षाराणी पळत येत होती. चांगली उंच उडी होती. खाली उतरली आणि तिचा डावा पाय थोडा पुढं सरकला. तिनं पटकन तो मागं घेतला आणि शबनूरकडे पाहिलं.

"मी बघितलं न्हाय असं वाटतंय तुला?" शबनूर म्हणाली.

"थोडाच सरकला, ताई."

"पंचांच्या कागदावर 'थोडा' असा रकाना नसतो." तिनं मॅटवर बसून पोरीच्या घोट्याला हात लावून बघितला, दुखतोय का विचारलं. दुखत नव्हता. "तुझ्या वडिलांनी मला विचारलं, ही इथं राहून पहिली येईल का. मी व्हय म्हणून सांगितलंय. तू काय सांगणार हायस?"

वर्षाराणीनं घोटा सोडवून घेतला. हातांना पावडर लावली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली. वळली. खाली तालमीतला शेवटचा पैलवान आंघोळीचं पाणी ओतत होता, त्याचा आवाज वर येत होता. वर सगळ्या पोरी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"सुट," शबनूर म्हणाली, आणि ती सुटली.